पुंजाने रंगवलेलं घर

पुंजाची आणि माझी ओळख भांडणातून झाली आणि पुढची अठरा वर्षं आम्ही बरीचशी भांडतच काढली. मी ओझरच्या विमान कारखान्यात रंगकामाचा तपासनीस होतो. पत्र्यावर थर किती जाड बसला, कुठे फोड आला, कुठे ओघळ सुटला ते बघायचं आणि मनासारखं नसेल तर सगळं खरवडून पुन्हा करायला लावायचं, हे माझं काम. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या कामातली खोट काढायचाच पगार घेतल्यावर माणसाचा स्वभाव कसा होतो, ते माझ्या बायकोला, श्यामलाला विचारा. ती तासभर सांगेल.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना आम्ही इंदिरानगरातला फ्लॅट रंगवायला काढला. पेठ नाक्यावर सकाळी रंगारी उभे असतात, तिथून मी एकाला घेऊन आलो. बुटका, काटक, डोक्याला रुमाल गुंडाळलेला, बोलायला महाग. भिंत कशी घासायची, भेगांत लांबी कशी भरायची, हे मी त्याला अर्धा तास समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हॉलच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीवर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच उभा राहिला.

"साहेब, हितं आतून ओल हाय. आधी नळवाल्याला बोलवा. रंग नाय टिकायचा."

मी म्हणालो, भिंत खडखडीत कोरडी आहे, तू तुझं काम कर. तो "बरं" म्हणाला आणि कामाला लागला. श्रावणात नेमक्या त्याच कोपऱ्यात रंगाला पोपडे आले. त्याच्या हाताचा पंजा जिथे टेकला होता तेवढ्याच जागेत. पुढच्या वर्षी मी स्वतः नाक्यावर जाऊन त्याला शोधून काढलं. माझ्यासारख्याने एवढं केलं म्हणजे पुष्कळ झालं.

तेव्हापासून आमच्या सोसायटीत पुंजाशिवाय कुणाचा ब्रश फिरला नाही. त्याची कामाची एक तऱ्हा होती. घर रंगवायला घेतलं की आधी विचारायचा, म्हातारं माणूस कुठल्या खोलीत निजतं? ती खोली सगळ्यांत आधी करायचा, म्हणजे रंग वाळून वास उडून जायला तिला जास्त दिवस मिळायचे. माझी आई होती तोवर तिच्या खोलीचा मान पहिला. भिंत पुरती घासून झाल्याशिवाय तो रंगाचा डबा उघडत नसे, मग घरातल्या बाईने कितीही घाई करू दे. मी पाठीमागे उभा राहून खोटी काढायचो, तो वळूनही न बघता "व्हय साहेब" म्हणायचा आणि त्याला हवं तेच करायचा. मला राग यायचा. खोट सापडत नसे, म्हणून जास्त यायचा.

तो पेठ तालुक्यातला, करंजाळीच्या पुढे डोंगरात एक पाडा आहे तिथला. पोरवयात आईबापांबरोबर द्राक्षाच्या हंगामात मजुरीला नाशकात आला, मग बांधकामावर, तिथून रंगाऱ्याच्या हाताखाली. पेठ रोडला त्याची एक खोली होती. आवणीला, म्हणजे भाताची लावणी करायला, तो गावी जायचा, कापणीला जायचा, दिवाळीला जायचा. बाकीचं वर्ष नाशकात. बायको भागीबाई गावीच. शेत ती बघायची, घर ती बघायची, मुलगी आशाला तिनेच वाढवलं.

"बायकोला इथं का नाही आणत?" मी एकदा विचारलं.

"आणली व्हती. आठ दिस राहिली. दार लावून बसायचं म्हंजे तिला कोंडल्यागत व्हतं, साहेब. आठव्या दिशी मला न सांगता निमाणीच्या स्टँडावरून गाडीत बसली नि गेली."

घराबद्दल मात्र तो मोकळेपणाने बोलायचा. रोलर फिरवता फिरवता, भिंतीकडे तोंड करून. कुडाचं घर. कारवीच्या काठ्या बांधून भिंत उभी करायची आणि दोन्ही अंगांनी माती लिंपायची. पाऊस सरला की दिवाळीआधी भागीबाई ओहोळाच्या काठची तांबडी माती आणायची, तिच्यात शेण नि भाताचं तूस कालवून पायाने तुडवायची आणि सगळं घर हाताने नव्याने लिंपायची. दुसऱ्या पाड्यावरच्या बायका बघायला येत. "माझ्या लोखंडी पट्टीपेक्षा तिच्या बोटांची सफाई जास्त हाय," तो म्हणायचा. पुंजाने कुणाच्या कामाला चांगलं म्हटलेलं मी तेवढंच ऐकलं.

मग तिच्या बोटांना संधिवात धरला. आधी सकाळी आखडायची, नंतर दिवसभर आखडलेलीच राहायला लागली. गोळ्या झाल्या, पाला बांधून झाला. तीन वर्षं आशाने भिंती लिंपल्या, आई पाटावर बसून सांगायची. आणि मग आशाचं लग्न ठरलं. सुरगाण्याच्या बाजूला, वैशाखात.

फाल्गुनात आमच्या इमारतीला बाहेरून रंग चालू होता. दुपारी पुंजा जिन्यात भाकरी खात बसला होता. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून खाली देखरेखीला, म्हणजे त्रास द्यायला. तो आपण होऊन कधी काही काढत नसे. त्या दिवशी त्याने काढलं.

"पोर जाईल. मंग घर कोण लिंपनार, साहेब? लिंपलं नाय तर दोन पावसाळ्यांत बसंल. घरकुलाच्या यादीत नाव हाय, पर ते वर काय चढत नाय. घर बसलं म्हंजे भागीला हितं आणावी लागंल." त्याने भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला होता. "हितं ती नाय जगायची."

आता सरळ सांगतो, ती कल्पना कुणाची हे आम्हा दोघांनाही नक्की आठवत नाही. तो एवढंच म्हणाला की दुसऱ्याच्या भिंती आपण अशा करून देतो की वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही. मी म्हणालो, मग स्वतःची का नाही? इमारतीचा वॉटरप्रूफ रंग दीड बादली उरणार होता, शिवाय प्रायमर, पुट्टीची दोन पोती. सोसायटीच्या सभेत मी ते सगळं पुंजाला द्यायचं मंजूर करून घेतलं. नुसतं देऊन थांबलो असतो तरी चाललं असतं. मी त्याला कागदावर काढून दिलं: आधी भिंत झाडायची, मग प्रायमर, मग पुट्टी, मग रंगाचे दोन हात आतून आणि तीन बाहेरून. त्याला काही शंका असल्या तरी विचारायला मी जागाच ठेवली नाही. मी पत्र्यावरचा रंग तपासला होता, सिमेंटवरचा तपासला होता. मातीच्या भिंतीला मी जन्मात फक्त पाठ टेकली होती, तीही लहानपणी, मामाच्या गावी.

आशाच्या लग्नाला मी आणि श्यामला गेलो होतो. सावळ घाट चढून गेलो, करंजाळी मागे टाकली आणि पाड्याच्या अलीकडेच ते घर दिसलं. मातकट घरांच्या मधोमध फिकट पिवळं घर, खाली वीटकरी पट्टा आणि दोन्हींमधली रेघ अशी की दोरी लावून बघावी. थेट आमची इमारत. वऱ्हाडातली पोरं त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढत होती. मी सवयीने जवळ गेलो, टिचकी मारली, गाल भिंतीला लावून उजेडाच्या दिशेने तिरपं पाहिलं. एक फोड नाही, एक ओघळ नाही.

"पास," मी म्हणालो. पुंजाला हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा दिला. तो मान खाली घालून हसला. नवरदेवापेक्षा तोच जास्त नवरदेवासारखा दिसत होता.

भागीबाई आम्हाला तिथेच पहिल्यांदा भेटल्या. उंच, काळ्यासावळ्या, नजर ठाम. बोटं आत वळलेली, त्यामुळे पाण्याचा तांब्या दोन मनगटांत धरून त्यांनी श्यामलाला दिला. घर आवडलं का, असं श्यामलाने विचारलं. त्यांनी हाताची मागची बाजू भिंतीवरून हळूच फिरवली, बाळाच्या अंगावरून फिरवावी तशी.

"लय आवडलं. आता कुठं जायला नको."

जूनमध्ये पुंजाचा गावाहून फोन आला. त्यांच्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. म्हणून पावसाळ्याआधी प्रत्येक घराच्या पश्चिमेच्या भिंतीला बांबू रोवून गवताचा आणि पळसाच्या पानांचा आडोसा बांधतात. चार महिने भिंत त्याच्याआड असते.

"सहादू म्हनतो आडोसा बांध." सहादू त्याचा चुलतभाऊ, शेजारचंच घर. "भागी म्हनती रंग झाकला जाईल. बांधू का, साहेब?"

आम्ही त्या वेळी जेवायला बसलो होतो. मी हातातला घासही खाली ठेवला नाही. म्हणालो, "वॉटरप्रूफ म्हणजे वॉटरप्रूफ. आणि गवत ओलं होऊन रंगाला घासत राहील, थर खराब होईल. झाकून ठेवायचं होतं तर रंगवलं कशाला?"

"बरं," तो म्हणाला.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी नाशकात ताटावर बसून पेठच्या पावसाचा निकाल लावला आणि ज्याच्या तळहाताला भिंतीच्या आतली ओल कळते त्या माणसाने माझं ऐकलं. का ऐकलं? मी साहेब होतो म्हणून. अठरा वर्षं माझं काही न ऐकणाऱ्याने नेमकं त्याच दिवशी ऐकावं, ह्याचा मला आजही राग येतो. त्याच्यावर नाही. कुणावर ते कळत नाही.

ऑगस्टच्या शेवटी तो दारात उभा राहिला. पिशवी नाही, डोक्याला रुमाल नाही.

"पश्चिमेची भिंत बसली, साहेब."

पाणी प्यायल्यावर त्याने सगळं सांगितलं. भिंत आधी मधोमध फुगली. त्याने हात लावला तर आत पाणी हललेलं कळलं. मातीने वरून, जमिनीतून, कुठून कुठून पाणी प्यायलं होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती, कारण वाट आम्ही दोघांनी बुजवली होती. त्याने ब्लेडने चीर दिली तर चिखल वाहायला लागला. तो टेकू द्यायला बांबू आणायला गेला आणि दुपारी भिंत खाली आली. भागीबाई पुढच्या ओट्यावर होत्या, म्हणून वाचल्या.

"रंग तसाच हाय," तो म्हणाला. "कुठं फाटला नाय. वरच्या आढ्याला लोंबतोय निस्ता, पडद्यागत. भिंत गेली, साहेब, रंग नाय गेला."

मी दुसऱ्याच दिवशी त्याच्याबरोबर गेलो. का गेलो, तिथे जाऊन काय करणार होतो, हे श्यामला विचारत राहिली आणि मी चपला घातल्या. सहादूने आणि आणखी दोघांनी नव्या कारवीच्या काठ्या बांधून दिल्या होत्या. त्यांना स्वतःची शेतं होती, निंदणीचे दिवस होते, तरी दिल्या. पाऊस दोन दिवस थांबला होता. सहादूची बायको कुसाबाई माती तुडवून देऊन गेली, म्हणाली संध्याकाळी परत येते. पण पुंजाला धीर कुठला. ढग येत होते.

त्याने आधी पट्टी घेतली. मातीत तूस असतं, ते पट्टीत अडकून सगळा लपका ओढून आणायचं. मग त्याने पट्टी फेकली आणि हाताने लिंपायला लागला. ते बायकांचं काम. वाटेने जाणाऱ्या दोघीतिघी थांबल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. थोड्या वेळाने हसायच्या थांबल्या. तो लावायचा आणि माती खाली घसरायची. ज्याने अर्ध्या नाशकाच्या भिंती आरशासारख्या करून दिल्या, त्याला वीतभर माती काठीवर ठरवता येत नव्हती. भागीबाई पाटावर बसून त्यांच्या बोलीत सांगत होत्या. मला सगळं कळत नव्हतं, पण एवढं कळलं: पाणी कमी घाल, रेटू नको, ओढ, बोटं पसर.

मग त्या उठल्या. त्याला बाजूला सारलं आणि मातीचा गोळा उचलायला गेल्या. बोटं उघडेनात. त्यांनी दोन मनगटांत गोळा धरला आणि काठ्यांवर दाबला. तो पडला. पुन्हा उचलला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्यांनी हाताच्या मागच्या बाजूने दाबून धरला आणि तशाच उभ्या राहिल्या, सोडला की पडेल म्हणून. मी तोंड फिरवलं. इतकं असहाय मला कारखान्यात अपघात झाला होता तेव्हाही वाटलं नव्हतं. तिथे निदान धावपळ करता येत होती.

मला काहीतरी करायचं होतं. म्हणून मी, अजूनही शहाणाच, म्हणालो की उरलेल्या तीन भिंतींवरचा रंग खरवडून टाक, म्हणजे त्यांना वारा लागेल. पुंजाने उत्तरेच्या भिंतीला पट्टी घातली. रंग सुटला, पण एकटा नाही. पुट्टीबरोबर मातीचा अख्खा पोपडा निघून आला आणि आतल्या काठ्या उघड्या पडल्या. आणखी एका ठिकाणी करून पाहिलं. तेच. ठेवावा तर आत पाणी, काढावा तर भिंतच हातात. पुंजा पट्टी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. तो मी पुढचं सांगण्याची वाट बघत होता.

निघताना मी भागीबाईंना म्हणालो, "आडोसा बांधू नका असं मीच सांगितलं होतं. चूक माझी आहे."

त्यांनी हातावरची माती झटकली. "तुमी कुठं पाऊस पाडला, साहेब? रंग चांगला व्हता."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला घरी जाऊन जेवण तरी गेलं असतं.

त्या संध्याकाळी कुसाबाईने येऊन निम्मी भिंत लिंपली म्हणे, पण पहाटेपासून पाऊस लागला आणि ती वाळलीच नाही. आठ दिवसांनी पुंजा भागीबाईंना नाशकात घेऊन आला. भिंत वाळली की परत जायचं, असं सांगून. त्यांनी सोबत दोन लुगडी घेतली आणि घराला कुलूप लावलं. तीन भिंतींच्या घराला. कुलूप लावल्याशिवाय त्या हलायला तयार नव्हत्या.

दसरा ते दिवाळी हा रंगाऱ्यांचा मोठा हंगाम. पुंजा सकाळी आठला बाहेर पडायचा तो सातला यायचा. भागीबाईंना खोलीत एकटं बसवेना. पहिल्या आठवड्यात त्या दोनदा दार उघडं टाकून रस्त्याला लागल्या, पेठच्या दिशेने. दुसऱ्यांदा आरटीओच्याही पुढे गेल्या होत्या. तेव्हापासून पुंजा त्यांना कामावर बरोबर न्यायला लागला. ज्यांचं घर रंगवायचं ते लोक कुरकुर करायचे, त्या एका कोपऱ्यात भिंतीला पाठ न टेकता बसून राहायच्या. त्या वाळल्या होत्या. श्यामला म्हणाली, आपला हॉल काढ रंगवायला, निदान आपल्याकडे त्या नीट बसतील. आमच्या हॉलला रंगाची गरज नव्हती. मी तरी काढला.

चार दिवस त्या आमच्याकडे येत होत्या. श्यामला भाजी निवडायला बसली की शेजारी बसायच्या. बोटांनी निवडता येत नसे, पण मेथीच्या काड्या मनगटाने एकीकडे सारून द्यायच्या. रोज निघताना पुंजाला विचारायच्या, "वाळली का?" तो म्हणायचा, "सहादूला विचारतो."

चौथ्या दिवशी सहादूचाच फोन आला. पुंजा शिडीवरून उतरला आणि बाल्कनीत गेला. बराच वेळ आत येईना, म्हणून मी गेलो. तो कठड्याला धरून उभा होता, फोन बंद झाला होता.

"उत्तरेची बी गेली," तो हळू आवाजात म्हणाला. "आढं कललं. पोरंढोरं खेळत्यात तितं, कुनाच्या अंगावर येईल म्हनून सगळ्यांनी मिळून कौलं उतरवली. नीट रचून ठेवलीत म्हनतो सहादू. निस्ते खांब नि दोन भिंती हायेत आता."

मी विचारलं, "पुन्हा कधी उभं करता येईल?"

"कुनाच्या हातानं?" त्याने आपले हात पुढे केले, रंगाचे. "आशाला दिवस गेलेत. तिला कसं बोलावू? कुसाबाई एक भिंत करंल, दोन करंल, आख्खं घर कोन लिंपून देतं? आन् वर्साच्या वर्साला कोन?" मग तो माझ्याकडे वळला. "भागीला नका सांगू, साहेब. आज विचारंल तवा तुमीच सांगा, वाळतीया म्हना. माझं आता तिला खरं वाटत नाय. तुमचं वाटंल. रंगातलं, भिंतीतलं तुमाला कळतं, हे तिला ठाऊक हाय."

"मी खोटं सांगणार नाही," मी म्हणालो. आवाज चढला होता, आतून श्यामलाने पाहिलं. "आजवर खराब मालावर सही केली नाही मी. तिचं घर आहे ते. तिला कळायला नको?"

"कळू दे की. कळल्यावर ती काय करंल ते सांगा मला." त्याने पुन्हा कठडा धरला. "मला भ्या वाटतं, साहेब."

अठरा वर्षांत त्याने हा शब्द कधी वापरला नव्हता. चौथ्या मजल्यावर झुल्यावर लोंबकळतानाही नाही. माझा राग गेला. त्याच्या जागी काही आलंही नाही. आम्ही दोघं आत आलो, तो शिडीवर चढला आणि रोलर फिरवायला लागला.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला श्यामलाने चहा केला. भागीबाईंनी कप दोन मनगटांत धरून बशीत ओतला, प्यायल्या, कप बाजूला ठेवला. मग पुंजाकडे न बघता सरळ माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, तुमी विमानाचं काम केलंय म्हनत्यात. तुमी सांगा. वाळली आसंल का भिंत?"

रोलरचा आवाज थांबला. मी पुंजाकडे पाहिलं नाही. आम्ही जिथे बसलो होतो तिथून त्याची पाठ दिसत होती आणि ती हलत नव्हती.

"वाळत आली आहे," मी म्हणालो. "अजून थोडी ओल आहे आत. घाई करू नये."

"किती दिस?"

मला वाटलं होतं की एवढ्यावर भागेल. खोटं बोलायची सवय नसलेल्याला हे कळत नाही की एकावर थांबता येत नसतं.

"दिवाळीनंतर," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. किती दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. "तुमी म्हनता म्हंजे बरोबर आसंल," त्या म्हणाल्या आणि मग इतकं बोलायला लागल्या, जेवढं चार दिवसांत मिळून बोलल्या नव्हत्या. दिवाळी झाली की जायचं. भिंत वाळली तरी वरून एक हात लिंपावा लागेल. कुसाबाईला आवतण द्यायचं, शेजारच्या चंद्रभागेला द्यायचं, वरच्या पाड्यावरच्या दोघी आहेत त्यांचा हात हलका आहे. त्या वाकडी बोटं एकेक करून दुसऱ्या मनगटावर टेकवत बायका मोजत होत्या. ओहोळाच्या काठची माती कार्तिकात चांगली मिळते, तोवर पाणी उतरतं. ह्या वर्षी रंग नको, म्हणाल्या, साधीच राहू दे.

श्यामला कप उचलून आत निघून गेली. पुंजाने रोलर पुन्हा भिंतीला लावला. मला उठून जाता आलं नाही, कारण भागीबाई हे सगळं मलाच सांगत होत्या.